लोकप्रिय नेत्याला पुन्हा तिकीट न देणारा डॅनिश पक्ष: बरोबर की चूक?

रानजाई
डेन्मार्कच्या योहाने श्मिट-नील्सन 2007 साली संसदेत निवडून आल्या तेव्हा 23 वर्षांच्या होत्या. विद्यार्थी चळवळीतून आलेल्या. त्यांचा डावा पक्ष एनहेड्सलिस्टेन तेव्हा 2.2 टक्के मतांवर कसाबसा तरला होता. तिथे 2 टक्क्यांच्या खाली गेलात की संसदेबाहेर. 179 पैकी मिळाल्या 4 जागा. 2009 पासून त्या राजकीय प्रवक्त्या झाल्या. या पक्षात अध्यक्ष नसतो, 25 जणांची कार्यकारिणी असते, त्यामुळे टीव्हीवर इतर पक्षनेत्यांसमोर प्रवक्त्यालाच उभं राहावं लागतं. 2011 मध्ये 4 च्या 12 जागा झाल्या, 2015 मध्ये 14.

आणि 2016 मध्ये त्यांनी ते पद पेर्निले स्किपर यांच्याकडे सोपवलं. 2019 ची निवडणूक लढवलीच नाही. पक्षाचा नियमच तसा: सलग सात वर्षं खासदारकी केली की पुढची उमेदवारी नाही, काही काळ बाहेर राहायचं. पगारातही कुशल कामगाराच्या वेतनाएवढी रक्कम स्वतःला ठेवायची, वरचे पैसे पक्षाला द्यायचे. योहाने पुढे रेड बार्नेटच्या, म्हणजे 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या डॅनिश शाखेच्या महासचिव झाल्या.

मला त्यांच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पक्ष तिपटीने वाढवलेली व्यक्ती पस्तिशीत उठून दुसऱ्या कामाला लागते, आणि पक्षात कुणी फूट पाडत नाही. खुर्ची आपली नाही हे भाषणात सगळेच म्हणतात, इथे ते नियमात लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं?

पाटीपुस्तक
साफ असहमत. वागणं आदर्श आहे, पण त्याची किंमत कोण मोजतं?

2011 नंतर सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान हेले थॉर्निंग-श्मिट यांचं सरकार या पक्षाच्या पाठिंब्यावर उभं होतं. जून 2012 मध्ये मोठा करसुधार ठरायचा होता. एनहेड्सलिस्टेनशी बोलणी सुरू असताना सरकारने शेवटी उजव्या व्हेन्स्त्र आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांशी करार केला. सर्वांत वरच्या कराची मर्यादा वर सरकवली आणि त्याचा भार बेरोजगारांना मिळणाऱ्या भत्त्यांवर टाकला, त्यांची वाढ कमी ठेवून. चारचे बारा झाले होते, म्हणजे बहुतेक खासदार नवे. समोर मुरलेले मंत्री आणि अर्थखात्याचे अधिकारी. अशा टेबलावर दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस लागतो, आणि तुमचा नियम नेमका त्यालाच उठवतो.

शिवाय खासदार बदलतात, सल्लागार बदलत नाहीत. याच पक्षाचे पेल्ले ड्रॅगस्टेड खासदार होण्याआधी कित्येक वर्षं सल्लागार म्हणून संसदेत पक्षाचं काम सांभाळत होते. सत्ता खुर्चीतून उठून मागच्या खोलीत गेली, एवढंच. तिथे मतदाराला विचारणारं कुणी नाही.

सांगोलेकर
पाटीपुस्तक यांच्याशी सहमत. आमच्याकडे शेकापचे गणपतराव देशमुख 11 वेळा निवडून आले. म्हणून ते दुष्काळी भागाच्या पाण्यापासून लांब गेले असं कुणी म्हणून दाखवावं. माणूस खरा असेल तर मुदत कशाला घालायची?

मुक्काम_ओडेन्स
मी इथे डेन्मार्कमध्ये राहतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

सांगोलेकर, एक मतदारसंघ एक आमदार हा हिशोब इथे लागू होत नाही. इथली मतपत्रिका हातभर लांब असते. पक्षांची नावं अक्षरासह, खाली प्रत्येकाचे उमेदवार. एनहेड्सलिस्टेनचं अक्षर म्हणजे 'ओ'वर तिरपी रेघ मारलेली. फुली पक्षावर मारा किंवा एका नावावर, जागा मिळतात पक्षाच्या एकूण मतांनुसार. त्यामुळे गणपतरावांसारखं गावागावाशी बांधलेलं नातं इथे वेगळ्या रीतीने घडतं, आणि ते पुढच्या उमेदवाराकडे जाऊही शकतं.

दुसरं, 2012 चं खापर नवखेपणावर फोडणं मला पटत नाही. सरकारमध्ये मार्ग्रेथ वेस्टेअर यांचा रॅडिकेल पक्ष होता आणि आर्थिक धोरणात त्यांचा कल उजवीकडे होता. उजव्यांकडे मतं तयार होती. गणितच विरोधात असेल तर वीस वर्षांचा अनुभवही काय करणार? 2014 मध्ये डाँग एनर्जी या सरकारी ऊर्जा कंपनीचा हिस्सा गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेला विकण्यावरून एसएफ हा सरकारमधला दुसरा डावा पक्ष थेट बाहेर पडला. मुरलेले लोक त्यांच्याकडेही होते, मंत्रिमंडळात बसलेले होते.

वाटसरू
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. प्रश्न सात वर्षांचा की बारा वर्षांचा हा नाहीच. रस्त्यावरून संसदेत गेलेला कार्यकर्ता तिथे गेल्यावर काय मत देतो, हा आहे. मार्च 2011 मध्ये लिबियात लढाऊ विमानं पाठवायचा ठराव डॅनिश संसदेत एकमताने मंजूर झाला. एकमताने, म्हणजे एनहेड्सलिस्टेनसकट! युद्धविरोध हा ज्यांच्या चळवळीचा कणा, त्यांनी. नंतर पाठिंबा काढला, पण तोवर विमानं गेली होती. योहाने तेव्हा प्रवक्त्या होत्या. तरुण, लोकप्रिय, पगार पक्षाला देणाऱ्या. कुठल्या नियमाने ते थांबवलं?

रानजाई
वाटसरू, लिबियाचं मत मलाही खटकतं आणि त्याला माझ्याकडे बचाव नाही. पण ते फिरवलं कुणी? पक्षाच्या आतून दबाव आला म्हणून फिरलं. खासदार हा कायमचा मालक नसतो, तेव्हाच सभासदांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो. हाच माझा मुद्दा आहे.

पाटीपुस्तक, मागच्या खोलीचा तुमचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटला. उपाय मात्र नियम मोडण्यात नाही, सल्लागारांनाही मुदत लावण्यात आहे. आणि अनुभव वाया जातो म्हणता, तर तुमचंच उदाहरण घ्या: ड्रॅगस्टेड 2019 मध्ये बाहेर पडले आणि 2022 मध्ये परत निवडून आले. परतीची वाट बंद नाही.

मला आणखी एक गोष्ट दिसते. योहाने गेल्या, स्किपर आल्या, 2021 मध्ये माय विलाडसेन आल्या, तिशीच्या. त्याच वर्षी कोपनहेगनच्या पालिका निवडणुकीत हा पक्ष सर्वांत मोठा ठरला. नव्या मुलींना पुढे यायला कुणाच्या निवृत्तीची किंवा मरणाची वाट पाहावी लागली नाही. ज्या पक्षात तिसाव्या वर्षी खरोखर जबाबदारी मिळते तिथे तरुण कार्यकर्ते टिकतात.

पाटीपुस्तक
कोपनहेगनमध्ये सर्वांत मोठा ठरला हे खरं, पण महापौर सोशल डेमोक्रॅट झाल्या. कारण बाकीचे पक्ष त्यांच्या मागे गेले. म्हणजे परत तेच: मतं मिळतात, वाटाघाट हरतात.

आणि देशपातळीवर बघा. योहाने यांच्या शेवटच्या निवडणुकीत, 2015 मध्ये, 7.8 टक्के. 2019 मध्ये 6.9. 2022 मध्ये 5.1, 9 जागा. त्याच 2022 मध्ये एसएफला 15 जागा. सगळं एकट्या नियमामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण नियम सात वर्षांचा असताना योहाने 2007 पासून 2019 पर्यंत, म्हणजे जवळपास बारा वर्षं संसदेत होत्या. पक्षाने त्यांना इतका काळ ठेवलं, कारण त्यांची गरज पक्षालाही कळत होती. मग ती गरज नियमात लिहायला काय हरकत आहे?

मुक्काम_ओडेन्स
हरकत ही की एकासाठी लिहिलेला अपवाद पुढच्या वेळी प्रत्येकजण मागेल.