मदत हवी आहे: पद्मिनीच्या बॉडीसाठी स्वस्तातली चाकांची ट्रॉली

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. बरीच वर्षं पोर्चमध्ये उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायचं काम मी आणि धाकट्या भावाने हातात घेतलंय. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, काचा, पेट्रोलची टाकी उतरवली. १०८९ सीसीचं ते छोटं इंजिन उद्यमनगरात बोअरिंगला (सिलिंडर आतून कातून घ्यायला) गेलंय. दारं मात्र मुद्दाम ठेवली आहेत, बॉडी हलली तर फटींवरून लगेच कळावं म्हणून.

आता पुढचं सस्पेन्शन आणि मागचा एक्सल पाट्यांसकट (लीफ स्प्रिंगसकट) काढायचाय. ते काढलं की गाडीला चाकंच राहणार नाहीत, आणि अडचण इथेच आहे. पोर्च अरुंद आहे. पत्र्याचं कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग अंगणात करावं लागेल आणि संध्याकाळी बॉडी परत आत घ्यावी लागेल. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. प्रायमर न लागलेला उघडा पत्रा एक रात्र भिजला तरी सकाळी तांबूस दिसतो. रोज चार माणसं उचलायला बोलावणं शक्य नाही, म्हणून दोघांनी ढकलता येईल अशी ट्रॉली बनवायची आहे. सगळं धरून आठ हजारांत बसवायचंय.

डोक्यात आराखडा असा आहे: ५० बाय ५० मिमी, ३ मिमी जाडीचा एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) चौकोनी पाइप. लांबीचे दोन पाइप २.७ मीटरचे (व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३४० मिमी आहे, थोडी वाढ ठेवली), तीन आडवे १.१ मीटरचे आणि चार उभे खांब. एकूण दहा मीटरच्या वर जातं, म्हणजे सहा मीटरचे दोन पाइप लागतील. या पाइपाचं वजन मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास असतं, तेव्हा लोखंड पन्नासेक किलो. दुकानदार किलोला ७० रुपये सांगतोय, म्हणजे साडेतीन हजार. सहा इंची कॅस्टर व्हीलला (ट्रॉलीखाली लावतात त्या चाकाला) एकेकी आठशे. उरलेल्यात वेल्डरची मजुरी, बोल्ट आणि रबर.

माझी पहिली शंका चाकांची आहे. पूर्ण गाडी नऊशे किलोच्या आसपास भरते. एवढं सगळं उतरवल्यावर बॉडी त्याच्या निम्म्याहून कमी असावी, तरी हिशेबाला साडेचारशे धरलेत. जमीन शहाबादी फरशीची, सांधे उघडे, काही फरश्या डुगडुगणाऱ्या. नायलॉन घेऊ, पीयू (पॉलियुरेथेन) घेऊ की बिडाची चाकं? पोर्चमधून बाहेर आल्यावर काटकोनात वळायचंय, म्हणून चारही चाकं फिरती (कोणत्याही दिशेला वळणारी) हवीत असं वाटतं. पण पावसाचं पाणी जायला पोर्चला उतार दिलेला आहे, तिथे चारही फिरती चाकं असली तर ट्रॉली आडवी पळेल का?

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. दारांखालचे दोन्ही पट्टे (सिल) गंजून गेलेत, डाव्या बाजूला बोट आत जातं. ते कापून नवे बसवायचे आहेत. ट्रॉलीचे खांब मागे पाट्यांच्या हँगरच्या (पाट्या बॉडीला जिथे जोडतात त्या) जागी आणि पुढे सस्पेन्शनच्या बोल्टच्या भोकांत पक्के करावेत असं मनात आहे, कारण गाडीचा भार मुळात तिथेच येतो. पण खडबडीत फरशीवर एक चाक खाली गेलं की ट्रॉली पिळणार आणि तिच्यासोबत बॉडीही. सिल कापलेले असताना असं झालं आणि त्याच अवस्थेत नवे सिल जोडले, तर दारं पुन्हा नीट लागणार नाहीत. ही भीती मला खरोखर झोपू देत नाही. पाइप जाड घेऊन हे सुटेल का? ज्यांनी स्वतः असं काही बनवलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (फॅब्रिकेशनवाला, इचलकरंजी)

दादा, पाइप जाड करून पीळ पूर्ण जाणार नाही, फक्त खर्च आणि वजन वाढेल. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल बघा, मधे एकाच पिनवर झुलतो. तसंच करा. पुढची दोन कॅस्टर एका वेगळ्या आडव्या पाइपावर बसवा आणि तो पाइप मुख्य सांगाड्याला बरोबर मध्यावर २५ मिमीच्या पिनने जोडा. दोन्ही टोकांना थोडी फट ठेवून स्टॉपर द्या, म्हणजे जास्त झुकणार नाही. पुढचं एक चाक सांध्यात गेलं तर फक्त तो पाइप हलेल. मागचं गेलं तर सगळी ट्रॉली एकसंध कलेल. दोन्ही वेळा बॉडीला पीळ बसणार नाही. ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, चौकट पिळली की पहिले वेल्ड कोपऱ्यात फुटतात. म्हणून कोपऱ्यांना तिरकस पट्ट्या माराच.

चाकांचा हिशेब चाराने भागून करू नका, तिनाने करा. खडबडीत जागेत एक चाक कधीही अधांतरी असतं. साडेचारशेला तीन म्हणजे दीडशे, वर सांध्याचे दणके. अडीचशे-तीनशे किलोचं कॅस्टर घ्या. सहा इंचाखाली येऊ नका, लहान चाक सांध्यात अडकतं. नायलॉन कडक, डुगडुगणारी फरशी फोडेल. बिडाचं आगीला टिकतं पण फरशीवर ओरखडे काढतं. तुमच्या जागेला पीयू बरं, फक्त वेल्डिंगच्या वेळी ठिणग्यांपासून पत्र्याने झाका.

चारही फिरती ठेवा, पण मागच्या दोन्हींना दिशा लॉक करायची खिट्टी असलेली मिळतात ती घ्या. वळणावर खिट्टी काढायची, उतारावर लावायची. उतारावर एकाने पुढे, एकाने मागे राहायचं, लाकडी पाचर हातात.

प्रतिसाद

काम करताना गाडी चाकांवर ठेवूच नका. कॅस्टरच्या ब्रेकवर विसंबू नये. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांत नट वेल्ड करून एम२० चे (२० मिमी जाडीचे) लांब बोल्ट टाका, खाली जाड पट्टी. ते फिरवून चाकं फरशीपासून सुटी करा आणि गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे एका पातळीत आणा. मगच ग्राइंडर हातात घ्या.

आणि सिल कापण्याआधी, सस्पेन्शन काढायच्याही आधी, गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटींत आतून पाइपाचे आधार लावा. दारं उघडझाप होतील असे बसवा. आधार लावण्याआधी चौकटींचे कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. एक सिल पूर्ण जोडून, दार लावून बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

अजून एक: बॉडीवर वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा बॉडीलाच, वेल्डच्या जवळ लावा. ट्रॉलीला लावला तर करंट बोल्ट आणि बेअरिंगमधून वाट शोधतो. आणि ट्रॉलीसाठी जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. जस्ताचा धूर वाईट, ताप भरतो.

धागाकर्ता

काका, दोघांचेही मनापासून आभार. मधल्या पिनचं सुचलंच नव्हतं, आराखडा आजच बदलतो. दारांचे आधार आधी, मग एक्सल, हा क्रमही ठरला. लेव्हल ट्यूब शेजारच्या गवंडीमामांकडे आहे.

आता फक्त उंचीचं सांगा. खालून फ्लोअरच्या पत्र्याला वेल्डिंग करायला उंच हवं, पण टपाचं काम करताना तेवढ्या उंचीवर हात पोचणार नाही.

प्रतिसाद (फॅब्रिकेशनवाला, इचलकरंजी)

खांब दोन भागांत करा. तुमच्या ५०च्या पाइपात आतून ४४ मिमी जागा असते, त्यात ४०चा पाइप सरकतो. दर १०० मिमीवर आरपार भोक पाडून १२ मिमीचा बोल्ट. उरलेल्या चार मिमीच्या ढिलाईसाठी बाजूने दोन नट वेल्ड करून दाबबोल्ट घाला, नाहीतर खांब डुलतील. ढकलताना नेहमी सगळ्यात खालच्या भोकात. उंची वाढवायची ती कोपऱ्यांचे बोल्ट टेकवल्यावर, एका टोकाला जॅक लावून, एका वेळी एकच भोक.