नवीन शिलाई मशीन घ्यायचंय: सात टाके की एकवीस, नक्की काय बघायचं?

हुकपट्टी

घरी काळं, पायाचं, फक्त सरळ टीप मारणारं मशीन आहे, त्याला मोटर जोडलेली आहे. अस्तराचे ब्लाउज, परकर, पडदे त्यावर उत्तम होतात. अडतं ते पुढच्या कामांना. होजिअरीचे टी-शर्ट आणि लेगिंग्ज शिवल्या की घालताना टीप तुटते. ब्लाउजच्या आतल्या कडांचे दोरे निघतात, म्हणून इंटरलॉकला बाहेर द्यावे लागतात. काजं हाताने करावी लागतात. साडीचा पिको घरी करता आला तर हवाच आहे. शिवाय वर्षातून एखाद-दोन गोधड्या होतात.

बजेट १२ ते १८ हजार. दुकानदार ७, १४, २१ असे टाक्यांचे आकडे सांगतात आणि जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहेत. यातले कोणते टाके खरोखर वापरले जातात? आणि टाक्यांशिवाय मशीनमध्ये अजून काय तपासायचं?

धावदोरा

आकड्याकडे बघून मशीन निवडू नका. खोक्यावर "७ टाके, १४ उपयोग" लिहिलेलं असतं, त्यातले बरेच उपयोग एकाच झिगझॅगचे असतात: बटण लावणं, सॅटिन, ॲप्लिक, कड बांधणं. कपडे शिवायला सहा टाके पुरतात. सरळ, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग, ब्लाइंड हेम (बाहेरून न दिसणारी दुमडीची टीप), स्ट्रेचचा एखादा टाका आणि काज. बाकीची पानं-फुलं-शिंपले फ्रॉकच्या घेराला छान दिसतात, पण त्यांच्यासाठी जास्तीचे पाच हजार मोजू नयेत.

तुमची टी-शर्टची टीप तुटते कारण सरळ टाक्यात दोऱ्याला ताणायला जागाच नसते. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग दोरा तुटतो. त्यावर अरुंद झिगझॅग: रुंदी ०.५ ते १ मिमी, लांबी २.५ मिमी. दिसायला जवळपास सरळ टीप, पण ताणलं की उघडते. खांदा, काखेचा जोड, लेगिंगचा मधला जोड इथे तिहेरी सरळ टाका वापरा, म्हणजे दोन पुढे एक मागे. तो उसवणं फार कटकटीचं असतं, म्हणून आधी धावदोरा घालून माप बघा आणि मगच मशीनवर घ्या. इलॅस्टिक लावायला तीन टप्प्यांचा झिगझॅग, इलॅस्टिक हाताने ताणून धरून.

आणि सुई! होजिअरीला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, ११/७५ किंवा १४/९० नंबरची. साध्या टोकदार सुईने विणीचा धागा कापला जातो, मग टीप सुटते आणि दोन-चार धुण्यांत टिपेच्या कडेला बारीक भोकं पडतात. मशीन कितीही महाग असलं तरी सुई चुकली की हेच होणार.

ब्लाउजच्या कडांना झिगझॅग रुंदी ५, लांबी २ ठेवा आणि सुईची उजवी फेरी कापडाच्या अगदी बाहेर पडू द्या. पातळ कापड त्यात गोळा होतं. त्यासाठी ओव्हरकास्ट पाय येतो (पाय म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग), त्याला मधे एक तार असते आणि ती कड सपाट धरते. हा पाय लावून चुकून सरळ टीप सुरू केली, किंवा रुंदी ५ पेक्षा कमी ठेवली, तर सुई तारेवर आपटून तुटते. टाका बदलल्यावर पहिली फेरी नेहमी चाक हाताने आपल्याकडे फिरवून घ्या. एवढं मात्र खरं की घरगुती मशीन कड बांधतं, कापत नाही. इंटरलॉकसारखी कापत जाणारी तीन-चार दोऱ्यांची कड हवी असेल तर ते वेगळंच मशीन.

आता निवडीचा खरा मुद्दा. टाक्याची रुंदी बदलायचं वेगळं बटण आहे का ते बघा. स्वस्त मशीनांत एकाच चाकावर झिगझॅगच्या दोन-तीन ठरावीक रुंद्या असतात, मधलं काही मिळत नाही. वर सांगितलेला ०.५ चा झिगझॅग अशा मशीनवर जमेलच असं नाही. रुंदी आणि लांबी स्वतंत्र बदलणारं सात टाक्यांचं मशीन एकवीस टाक्यांच्या ठरावीक रुंदीच्या मशीनपेक्षा कधीही जास्त उपयोगाचं.

पोलादी पाय

एक्स्चेंज करू नका. काळ्या मशीनचे जेमतेम पैसे मिळतील आणि त्याची दोन कामं नवीन मशीन तितकी चांगली करणार नाही.

पहिलं, पातळ कापड. काळ्या मशीनच्या पत्र्याला, म्हणजे सुईखालच्या धातूच्या पट्टीला, एकच बारीक भोक असतं. झिगझॅग मशीनच्या पत्र्यावर ५ ते ७ मिमीची आडवी चीर असते आणि मलमल, जॉर्जेट, शिफॉन सुरुवातीलाच त्या चिरेत ओढलं जातं. नव्या मशीनवर ते करायचंच असेल तर ९/६५ ची सुई, सुई डावीकडच्या जागेवर, खाली वर्तमानपत्राची पट्टी, आणि पहिले तीन-चार टाके होईपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. एका भोकाचा पत्रा वेगळा मिळतो, पण तो लावून झिगझॅग चालवला की सुई गेलीच.

दुसरं, गोधडी. तीन-चार जुन्या साड्यांचे थर घरगुती झिगझॅग मशीनखाली जातात, पण हे त्याचं रोजचं काम नाही. सुई जोर लावते, खालून कापड सरकवणाऱ्या दात्यांनी खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि शेवटी एका टोकाला साडी उरते. काळ्या मशीनवर १६/१०० ची सुई, टाका ३ ते ३.५ मिमी, पायाचा दाब थोडा कमी. आधी हाताने वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मग मधोमध सुरू करून कडेकडे या. कडेपासून सुरू केलं तर मधे चुणी अडकते आणि ती निघत नाही. नव्या मशीनवर करायचीच असेल तर वॉकिंग फूट घ्या. त्याला वरूनही दाते असतात, त्यामुळे दोन्ही थर बरोबर सरकतात.

हुकपट्टी

धावदोरा, पोलादी पाय, दोघांचेही आभार. जुनं मशीन ठेवतेच. दोन प्रश्न अजून. होजिअरीवर झिगझॅग नीट पडला तरी कापडाची कड लाटांसारखी होते, ते कशाने? आणि काज चार टप्प्यांचं पुरेल की एका टप्प्याचंच घ्यावं? पिकोचं राहिलंच. अमेरिकेतले नातेवाईक तिकडचं मशीन आणून देतो म्हणतात, तेही सांगा.

काजबटण

लाटा येतात त्या पायाच्या जास्त दाबाने. पाय कापड दाबतो, दाते ते ओढतात, आणि टीप ताणलेल्या कापडावर बसते. दाब कमी करायचं चाक किंवा स्क्रू ज्या मशीनला आहे तेच घ्या. बऱ्याच स्वस्त मशीनांना तो नसतो आणि दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. नसलाच तर टाका थोडा लांब करा, कापड मागून ओढू नका, आणि टीप झाल्यावर दाबून वाफेची इस्त्री करा. बऱ्याच लाटा बसतात.

काजाबद्दल: चार टप्प्यांत लांबी तुम्हाला खुणेने सांभाळावी लागते. एक-दोन काजांना हरकत नाही, पण शर्टाची सात एकसारखी हवीत तर एका टप्प्याचं घ्या. त्यात बटण पायाच्या मागच्या खाचेत बसवतात आणि तेवढंच काज होतं. लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी, १२ मिमीचं ३ मिमी जाड बटण असेल तर काज १५ मिमी. काजाची छोटी दांडी खाली ओढायची राहिली तर मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही. पट्टीच्या जाड कडेजवळ पाय तिरका होतो आणि एक बाजू आखूड, दाट पडते. अशा जागी आधी तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर करून बघा. आत बकरम (कडक अस्तर) हवंच. काज चिरताना दोन्ही टोकांना टाचणी आडवी लावा, म्हणजे सीम रिपर पुढे घसरून टोकाचे टाके कापत नाही.

पिको: बाजारातल्या पिको मशीनसारखी घट्ट गोल कड घरी हुबेहूब येणार नाही, पण वापरण्याजोगी येते. पदराच्या कडेचे सुटे दोरे आधी साफ कापा. झिगझॅग रुंदी ३, लांबी १ च्या आसपास, वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) जरासं वाढवायचं, आणि उजवी फेरी कापडाबाहेर. कड आपोआप आत वळते. रेशमी साडीवर करण्याआधी त्याच पोताच्या ब्लाउजपीसच्या तुकड्यावर जमवून घ्या. फॉल लावत असाल तर फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावा. सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीची खालची कड गोळा होते. पैठणीसारख्या साडीला फॉल हातानेच, काठावर मशीनची टीप उठून दिसते.

बॉबिनकेस

अमेरिकेतलं मशीन आणू नका, निदान मागची पट्टी वाचल्याशिवाय तरी नको. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. थेट लावलं तर मोटर किंवा सर्किट जळतं. पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असं स्पष्ट लिहिलं असेल तरच चालेल. नाहीतर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कायम जवळ ठेवावा लागतो, आणि पॅडल बिघडलं की तेही तिकडचंच लागतं.

धावदोरा यांच्याशी टाक्यांबद्दल सहमत आहे, पण दुकानातली चाचणी त्याहून महत्त्वाची. दुकानदाराच्या कडक सुती तुकड्यावर सगळीच मशीनं छान चालतात. आपले तुकडे न्या: मलमल दुहेरी, टी-शर्टचा तुकडा, आणि जीन्सच्या पायाची दुमड जिथे बाजूचा जोड येतो ती जागा. वर लाल, खाली निळा दोरा घाला. सरळ टिपेत खालचा रंग वर ठिपक्यासारखा दिसत असेल तर टेन्शन जुळवून मागा. जुळत नसेल तर ते मशीन सोडा. पुढे वीस टाके, मग मागे वीस टाके मारा. मागचे टाके स्पष्टपणे आखूड किंवा लांब पडत असतील तर काजाच्या दोन बाजूही सारख्या येणार नाहीत.

जीन्सच्या जोडावर पॅडल अगदी हळू दाबा. हळू गतीत सुई आत जाते का, की मोटर नुसती घुमते? वॉटच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा खरी. तिथे पाय वर उचलला जाऊन टाके एका जागी साचत असतील तर तो दोष मशीनचा नाही. पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवा, पाय सपाट झाला की पुढे सरकतो.

बॉबिन समोरून केसमध्ये बसणारी घ्यायची की वरून टाकायची, यावर मतं वेगळी आहेत. वरून टाकायची सोपी, दोरा किती उरला तेही दिसतं. माझं मत समोरच्या धातूच्या केसला. तिचा स्क्रू सहज हाताशी येतो आणि गोधडीच्या जाड दोऱ्यासाठी दुसरी केस वेगळी जुळवून ठेवता येते. काहीही घेतलं तरी मशीनबरोबर मिळालेल्या मापाचीच बॉबिन वापरा. काही मशीनांना ११.५ मिमी उंचीची लागते, काहींना ९.२ ची. एकीची दुसरीत बसल्यासारखी वाटते, पण आत खडखडते आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो.

दाते खाली करायची सोय आहे का तेही विचारा, रफू आणि बटण लावायला लागते. सुईत दोरा ओवायचा आकडा नसला तरी चालेल.

हुकपट्टी

हे सगळं लिहून दुकानात घेऊन जाते. काळ्या मशीनची सवय असलेल्याला नव्यात सुरुवातीला काय चुकतं?

धावदोरा

दोनच गोष्टी. काळ्यात दोरा सुईत आडवा जातो, नव्यात समोरून मागे, आणि सुईची चपटी बाजू मागे ठेवायची. सुई एचए गुणिले १ जातीची, कारखान्याच्या मशीनची गोल दांडीची डीबी गुणिले १ नको. दुसरं, दोरा ओवताना पाय वर उचललेला हवा. पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात जातच नाही, आणि कापडाच्या खालून दोऱ्याची मोठमोठी वेटोळी निघतात. सगळे बॉबिनचा स्क्रू पिळायला लागतात. तो हलवू नका, वरचा दोरा काढून पुन्हा ओवा.