पंतानीचा रुमाल मिरवावा का?

भेरूघाटवाला:
रविवारी सायकलनं भेरूघाट चढून आलो आणि सिमरोलला पोह्यांवर भांडण. आमच्यातला एक जण इटलीचा सायकलपटू मार्को पंतानीसारखा डोक्याला रुमाल बांधतो. "चोराचा रुमाल काय मिरवतोस?" असं कुणीतरी म्हणालं. मला लागलं ते. १९९५ मध्ये शर्यतीत समोरून आलेल्या गाडीवर आदळून पंतानीचा पाय मोडला. तोच १९९८ मध्ये इटलीची जिरो आणि फ्रान्सची तूर द फ्रान्स, सायकलच्या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकला. एका वर्षात दोन्ही, हे पुन्हा जमलं ते थेट २०२४ मध्ये पोगाचारला. त्या तूरमध्ये गालिबिएच्या चढावर, गार पावसात तो सुटला तो सुटलाच. पिवळ्या जर्सीतला, म्हणजे तोवर शर्यतीत आघाडीवर असलेला उलरिश त्या दिवशी जवळजवळ नऊ मिनिटं मागे पडला. हा चोर?

रामबागकर:
भिया, त्याच तूरचे जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले. २०१३ च्या फ्रेंच सिनेटच्या अहवालात पंतानी ईपीओ (बंदी असलेलं औषध) घेणाऱ्यांत आहे.

भेरूघाटवाला:
उलरिशही आहे की त्यात. सगळेच घेत होते, मग हिशेब बरोबरीचा.

रामबागकर:
नाही ना! पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. ईपीओनं तांबड्या पेशी वाढतात, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं त्या पेशींचं प्रमाण, चढतो. १९९७ पासून त्याला मर्यादा ५० टक्के. ज्याचा मुळात ४२, त्याला आठ अंकांची जागा. ज्याचा ४८, त्याला दोनच. बरोबरी कुठली? (दाट रक्त ढकलताना हृदयाचं काय होतं, ते निराळंच.)

स्नेहलतागंजच्या काकू:
५ जून १९९९ विसरलात दोघं. जिरो हातात आलेली. मादोन्ना दि कांपिल्योला सकाळी रक्त तपासलं, हिमॅटोक्रिट ५२ निघाला, शर्यतीतून बाहेर. नियमानं ती पंधरा दिवसांचीच सक्तीची विश्रांती, पण पोरगा त्यातून सावरलाच नाही. २००० च्या तूरमध्ये दोन टप्पे जिंकला, तेवढंच. २००४ मध्ये रिमिनीच्या हॉटेलात कोकेननं गेला, ३४ व्या वर्षी. चोर म्हणताना एवढं तरी आठवा.

रामबागकर:
काकू, जीव माझाही तुटतो. पण माझ्या नववीतल्या पुतण्याला एका जिममध्ये "ताकदीचं इंजेक्शन" देऊ केलं होतं. त्याच्या खोलीत भिंतीवर कुणाचा फोटो आहे, सांगा बघू.

भेरूघाटवाला:
यावर बोलणं खुंटलं माझं. गालिबिएचा व्हिडिओ मात्र आज रात्री परत बघणार. रुमालवाला विचारतोय, जानापावला निघायचं किती वाजता?

रामबागकर:
साडेपाचला राऊला. रुमाल बांधू दे, पण वर हेल्मेट हवं.