नाचाचे बूट निवडताना आलेले अनुभव

कथक असो, भरतनाट्यम असो वा लावणी, हे नाच अनवाणीच नाचले जातात. त्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर मी साल्सा शिकायला गेले, तेव्हा बुटांविषयी विचारावे असे घरात कोणीच नव्हते. धावायचे बूट मऊ असतात, तेच घाल, असा मुलीचा सल्ला मी मानला आणि तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघ्याआधी बुटांचा तळ पाहायला मागितला. धावण्याच्या बुटांचा खाचांचा रबरी तळ जमीन धरून ठेवण्यासाठीच केलेला असतो. गिरकी घेताना कंबर आणि मांडी फिरते, पाऊल मात्र फरशीला चिकटून राहते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो, असे त्यांनी समजावले. तेव्हापासून दुकानात मी मऊपणा नंतर पाहते, आधी बूट उलटा करते. आपण कोणत्या नाचासाठी आणि कोणत्या जमिनीवर कोणते बूट वापरता, ते किती टिकले, हे सविस्तर लिहावे. फसलेल्या खरेदीविषयी तर अवश्य लिहावे.

(पुणे)
गेली नऊ वर्षे मी साल्सा आणि बचाटा नाचते आहे. या नाचांच्या बुटांना स्वेडचा, म्हणजे बारीक लव असलेल्या चामड्याचा तळ असतो. लाकडी जमिनीवर तो हवा तेवढाच सरकतो आणि थांबायचे म्हटले की थांबतो. पहिली जोडी मी नेहमीच्या सवयीने अर्धा अंक मोठी घेतली, ती घोडचूक ठरली. पायाच्या उबेने आणि घामाने चामडे सैलावते. महिन्याभरात पाऊल पुढे घसरू लागले आणि बोटे पट्ट्यांबाहेर डोकावू लागली. आता मी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना खरेदीला जाते आणि बोटे तळाच्या कडेपर्यंत पोहोचतील, पण कडेवरून खाली उतरणार नाहीत, अशी घट्ट जोडी निवडते. टाच अडीच इंचांची, पण खाली रुंद होत गेलेली घेते, कारण निमुळत्या टाचेवर माझा घोटा डगमगतो. पैसे देण्याआधी चवड्यांवर उभे राहून पाहावे. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधल्या कमानीपाशी वाकत असेल तर तो कितीही देखणा असला तरी परत ठेवावा.

टिकण्याचे म्हणाल, तर ते बरेचसे आपल्या हातात आहे. या बुटांनी रस्त्यावर एकही पाऊल टाकू नये. धूळ आणि घाम बसून लव दबली की तळ गुळगुळीत होतो आणि पाय निसटू लागतो. तारेच्या ब्रशने घासले की लव पुन्हा उभी राहते. टाचेखालचे टोपण झिजून आतला खिळा दिसेपर्यंत थांबू नये, नाहीतर वर्गाची लाकडी जमीन आणि शिक्षकांची मर्जी दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात माझे बूट कापडी पिशवीत असतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या एका जोडीला पंधरवड्यात बुरशी आली होती.

(ठाणे)
मी टिकाऊपणाच्या हौसेपायी फसलो. जाड, हलक्या तळाचे महागडे बूट घेतले, जपून वापरले आणि मग कामाच्या व्यापात ते जवळजवळ तीन वर्षे कपाटातच राहिले. पुन्हा वर्गाला गेलो, तर पहिल्याच गाण्यात तळाचा चुरा होऊन जमिनीवर पडू लागला आणि मी ओशाळून अनवाणी उभा राहिलो. तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा होता. असा तळ हवेतल्या बाष्पाने आतून विघटित होत जातो, मग बूट पायात असोत वा खोक्यात. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत असे बूट साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

(नाशिक)
बॉलरूमसाठी, म्हणजे जोडीने नाचायच्या पाश्चात्य नाचांसाठी, चकचकीत पेटंट चामड्याचे बूट घेतले. पावले जवळून जाताना दोन्ही बूट एकमेकांना चिकटत आणि चर्र आवाज होई. आतल्या कडांना किंचित व्हॅसलीन लावल्यावर ते थांबले. एवढेच.

(न्यू जर्सी)
माझी मुलगी बॅले शिकते. मुलांचे बूट वाढत्या अंगाचे घ्यायचे, हे आपल्या हाडीमाशी खिळलेले. पण टोकावर उभे राहण्याच्या पॉइंट बुटांत ती सवय धोक्याची आहे. बूट सैल असेल तर पाऊल आत घसरते आणि सारा भार बोटांच्या टोकांवर येतो. हे बूट कधी सुरू करायचे, हे शिक्षिकेनेच पावलांची आणि घोट्यांची ताकद पाहून ठरवावे लागते. त्यांचे पुढचे कडक टोक मुख्यतः कापडाचे आणि कागदाचे थर गोंदाने चिकटवून केलेले असते, त्यामुळे घामाने ते मऊ पडते. व्यावसायिक नर्तिकेची जोडी एखाद्या प्रयोगातही संपू शकते, हे कळल्यावर मी टिकाऊपणाची चौकशी सोडून दिली. आता दोन जोड्या आलटून पालटून वापरतो, म्हणजे प्रत्येकीला नीट वाळायला वेळ मिळतो.

(डोंबिवली)
स्विंग नाचासाठी मी नवे बूट घेतलेच नाहीत. जुन्या सपाट कॅनव्हास बुटांचा रबरी तळ आमच्या स्टेशनजवळच्या बूट दुरुस्त करणाऱ्या काकांना घासायला सांगितला आणि त्यावर चवड्यापुरता स्वेडचा तुकडा चिकटवून घेतला. ‘गुळगुळीत करताय, पडाल ना,’ म्हणून ते आधी तयारच होईनात. मग मी त्यांच्या पुढ्यातच एका पायावर गिरकी घेऊन दाखवली. टाचेखाली रबर तसेच ठेवले आहे, त्यामुळे थांबताना आधार मिळतो. आमचा वर्ग सोसायटीच्या सभागृहात, गुळगुळीत लादीवर भरतो. तिथे पूर्ण स्वेडचा तळ फार निसटला असता. दीड वर्षात तुकडा एकदा बदलावा लागला, आणि त्या वेळी काकांनी विचारले, ‘आज नाचून नाही दाखवणार?’