अंदमान : विमान १२:५०ला उतरतं, हॅवलॉकची बोट २ची. जमेल का? (तातडीने मदत हवी)

बोरिवली_पश्चिम
उत्तर आज रात्रीच हवं आहे, बोटीचं तिकीट बदलायची मुदत उद्या सकाळी १०ला संपते. मुंबईहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअरला १२:५०ला पोचतोय. त्याच दिवशी २ची हॅवलॉकची बोट काढली आहे. मग तीन रात्री हॅवलॉक बेटावर, दोन नील बेटावर. शेवटच्या दिवशी नीलहून ११च्या बोटीने परत आणि ३:१०चं विमान. विमानतळ ते जेट्टी किती वेळ, एवढंच सांगा. हॉटेलं सुचवू नका, ती झाली आहेत.

काठावरचा
टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. पण अडचण रस्त्याची नाही. महिना कोणता, माणसं किती, बोट खासगी की सरकारी, आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का?

बोरिवली_पश्चिम
१८ डिसेंबर. आम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा, आई. बोट खासगी. पीएनआर वेगळे, कंपन्याही वेगळ्या. चेन्नईत अडीच तास आहेत. याचा जेट्टीशी काय संबंध?

काठावरचा
संबंध आहे. वेगळा पीएनआर म्हणजे चेन्नईत सामान पट्ट्यावरून घेऊन बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर द्यायचं, पुन्हा तपासणी. पहिलं विमान तासभर उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी पैसे देणं लागत नाही. सगळं वेळेवर झालं तरी १२:५०ला उतरून सामान हातात पडेपर्यंत १:२०, धक्क्यावर १:४०. खासगी बोटी तासभर आधी बोलावतात, तिथेही सामानाची तपासणी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र असतं. ही बोट धरू नका.

तारकर्लीप्रेमी
एवढी यातायात कशाला? कोकणकन्येने कुडाळला उतरा, तासाभरात मालवण. स्कूबा तिथेही होतं, सिंधुदुर्ग किल्ला होतो, आईंना बोट बदलाबदली नाही.

नांगर
@तारकर्लीप्रेमी, त्यांची तिकिटं निघाली आहेत. आणि पाण्याची पारदर्शकता व प्रवाळ यांत मालवण आणि हॅवलॉकची तुलना होत नाही.
धागाकर्ते, सरकारी बोट घेतलीत तर ती फिनिक्स बेहून सुटते, खासगी बोटी हॅडोहून. लोक टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जेट्टी’ सांगतात आणि चुकीच्या धक्क्यावर उतरतात. तिकिटावरचं नाव वाचून सांगा.

बोरिवली_पश्चिम
मग पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढायची का? एक दिवस वाया जाईल.

काठावरचा
वाया जात नाही. २ची बोट मिळाली तरी दीड तासाने, साडेतीनला हॅवलॉक. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दहा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. राधानगर किनारा जेट्टीपासून १२ किलोमीटर. सामान खोलीत टाकून पोचेपर्यंत अंधार. पहिल्या दिवशी हॅवलॉकला तुम्ही फक्त जेवाल आणि झोपाल. त्यापेक्षा दुपारी सेल्युलर जेल बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बोट घ्या. डिसेंबरात समुद्र बहुधा सकाळीच जास्त शांत असतो.

इतिहासवेडा
सेल्युलर जेलसाठी दोन तास तरी ठेवा. १९०६ला बांधून झालेल्या सात भुजांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि जिने उंच आहेत, आईंना त्रास होईल. आणखी एक, शहराचं नाव सप्टेंबर २०२४पासून श्री विजयपुरम आहे, तेच लिहावं.

नांगर
शोधताना दोन्ही नावं टाका. विमान तिकिटावर आयएक्सझेड हा कोड बघितलात की पुरे. हॅवलॉक आणि नील स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या नावांनीही दिसतील.
शेवटचा दिवस मात्र मला जास्त खटकतो. त्या सकाळी काही बुक केलंय का?

बोरिवली_पश्चिम
नीलला सकाळी ७ला स्कूबा, मी आणि मुलगा. ३:१०च्या विमानाला भरपूर वेळ आहे की.

नांगर
रद्द करा. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह असतील तर १८ तास विमानात बसायचं नसतं. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो. विमानाच्या केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी असतो, त्यामुळे तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. सांधे दुखण्यापासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं.

लाटबिंदू
पहिल्यांदा करणाऱ्यांना तिथे फार खोल नेतच नाहीत. एवढं घाबरवू नका.

नांगर
अशा डाइव्हला १२ मीटरपर्यंत नेतात आणि १२ तासांचा नियम त्यालाही आहे. सोबत मूल आहे, म्हणून ठासून सांगतोय. वयाची अट १० वर्षं, ती पूर्ण होते. दमा, कानाचं ऑपरेशन किंवा सर्दी असेल तर आरोग्याच्या अर्जात खरं लिहा. सर्दीत कान दाबाशी जुळवून घेत नाहीत, पडदा फाटू शकतो.

बोरिवली_पश्चिम
दुकानवाला म्हणाला चालतं. पण ठीक आहे, हॅवलॉकला करतो. बोट लागू नये म्हणून काय घेऊ?

लाटबिंदू
ॲव्होमिन, निघण्याआधी एक-दोन तास. पोट रिकामं नको, तुडुंब नको. खालच्या मजल्यावर मध्ये बसा, तिथे हेलकावे कमी. आलेपाक ठेवा.

काठावरचा
ॲव्होमिन सरसकट सुचवू नका. त्यात प्रोमेथाझिन आहे, झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आईंना काही चालू आहे?

बोरिवली_पश्चिम
काचबिंदूचे थेंब चालू आहेत. हे सांगायचं सुचलंच नाही.

काठावरचा
मग उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा. मुलाचा डोसही त्याच्या डॉक्टरांकडून घ्या.

किनारपट्टी
परत येताना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही वन्यजीव कायद्यात येतो, विमानतळावर बॅग उघडतात.

लक्षद्वीप_एकदा
पुढच्या वेळी लक्षद्वीप करा. आधी प्रवेश परवाना, मग कोचीहून अगत्तीचं विमान. गर्दी नाही.

बोरिवली_पश्चिम
आता असं ठरतंय: १ रात्र पोर्ट ब्लेअर, २ हॅवलॉक, १ नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. नीलची एक रात्र रद्द करू, त्याचे पैसे जातील. शेवटची रात्र टाळली तर?

काठावरचा
टाळू नका. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं येतात, बोटी आयत्या वेळी बंद होतात. २०१६च्या डिसेंबरात हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांना काढलं. विमानाच्या आदल्या दिवशी मुख्य बेटावर असलेलं बरं, आणि तेही दुपारच्या बोटीने, संध्याकाळच्या नाही. दुपारची रद्द झाली तर संध्याकाळची उरते.

बोरिवली_पश्चिम
२ची बोट बदलून दुसऱ्या दिवशी सकाळची घेतली. नीलहून आदल्या दिवशी दुपारची आहे का, बघतोय.

नांगर
असेल तर आत्ताच घ्या, नाताळच्या आठवड्यात खासगी बोटी आधी भरतात. चौघांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच टाका.