मदत हवी आहे: कानस मारली की चावी मधे फुगीर आणि टोकांना उतरती होते

नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यातला. घरामागच्या पत्र्याच्या शेडात एक बाकडं, ४ इंची व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) आणि वडिलांची जुनी हत्यारं आहेत. कडबा कुट्टीच्या शाफ्टची चावी (शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसून दोघांना एकत्र फिरवणारा लोखंडी तुकडा) झिजली, पुली शाफ्टवर नुसतीच फिरायली. शाफ्ट २५ मिलिमीटरचा, खाच ८ मिलिमीटर रुंद. घरात १० मिलिमीटरचा चौकोनी बार पडला होता, म्हटलं घासून ८ वर आणू. तीन दिवस झाले, रोज संध्याकाळी घासायलोय. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावला की मधे ८.४ आणि दोन्ही टोकांना ७.९. खाचेत बसवली की डुगडुगते. तीन चाव्या अशाच वाया गेल्या.

कानशी दोन आहेत. एक वडिलांची १२ इंची, तिचे दात गेलेत. दुसरी १० इंची चपटी बास्टर्ड (भरड दातांची), मागच्या महिन्यात नवीन घेतली. चावी मजबूत व्हावी म्हणून आधी तिनं जीपच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा घासला होता. तेव्हापासून ती साध्या लोखंडावरही घसरते. वर मधेच एखादा खोल ओरखडा पडतो, तो काही केल्या जात नाही.

कोणत्या कानशी घ्याव्यात? एकदम सगळा सेट परवडणार नाही. आणि सपाट घासायचं कसं, हे कुणीतरी नीट सांगा. दोन म्हशी आहेत, सध्या वैरण विळ्यानं तोडायलोय.

वाळूजचा फिटर

दादा, आधी बार बदला. २५ च्या शाफ्टला चावी ८ रुंद आणि ७ उंच लागते. बेअरिंग-बोल्टच्या दुकानात ८ मिलिमीटरचा चौकोनी ब्राइट बार (नेमक्या मापाचा गुळगुळीत बार) मागा. मग फक्त उंचीतून १ मिलिमीटर काढायचा राहतो, दोन्ही बाजूंना हात लावायची गरजच नाही. या चावीची पकड बाजूंवर असते. वरच्या अंगाला पुलीच्या खाचेत किंचित फट राहिली तर चालते, राहायलाच हवी. तुम्ही नेमक्या बाजूच घासत बसलात. पाट्याचा नादही सोडा. चावी शाफ्टपेक्षा मऊ असावी, म्हणजे जोर आला तर आधी ती जाते आणि शाफ्ट वाचतो.

आता फुगीरपणा. तो कानशीनं नव्हे, हातानं येतो. कानस पुढे ढकलायला सुरुवात करता तेव्हा तिचा बराच भाग तुमच्या उजव्या हाताकडे असतो. तिथं डाव्या हाताचा दाब जास्त, उजव्याचा कमी. मधे आलात की दोन्ही सारखे. शेवटाला डावा सैल, उजव्याचा भार जास्त. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही हातांनी सारखंच दाबलं तर कानस तराजूसारखी झुलते आणि आधी टोकं खाते. दाब फक्त पुढे जाताना द्या, मागे येताना सोडा. मिनिटाला ४०-५० हात पुष्कळ झाले. घाई केली की झुलणं वाढतं.

व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. तुमचं बाकडं खाली असेल तर वाकून घासताय, मग सपाट येणं अवघडच. दहा हात उजव्या तिरक्यात, दहा डाव्या तिरक्यात मारा. रेघा एकमेकींना छेदतात, त्यात उंचवटा कुठं आहे ते दिसतं. मग गुण्याची (काटकोन तपासायच्या हत्याराची) धार टेकवून उजेडासमोर धरा. कडेनं उजेड आणि मधे अंधार दिसला तर अजून मधलंच घासायचं. शेवटी कानस आडवी धरून लांबीच्या दिशेनं ओढा, पृष्ठभाग एकसारखा होतो.

नांदेड आयटीआय

वरच्या काकांनी पद्धत सांगितली, मी हत्यारांचं सांगतो. आम्हाला सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसती कानस मारायला लावली होती, तेव्हा कंटाळा यायचा.

सेट घेऊ नका. १० इंची चपटी बास्टर्ड आणि ६ इंची स्मूथ (बारीक दातांची), एवढ्यात तुमचं काम होतं. पुढं जमेल तसं अर्धगोल घ्या. एक लक्षात ठेवा, नाव तेच असलं तरी लांबी वाढली की दात मोठे होतात. ६ इंची बास्टर्ड १२ इंची बास्टर्डपेक्षा बारीक चालते. कानशीची लांबी मोजताना मुठीत जाणारं शेपूट धरत नाहीत.

तुमची नवी कानस पाट्यानं खाल्ली. पाटा पाणी दिलेला (तापवून कडक केलेला) असतो, कानस त्यावर लवकर बोथट होते. ती टाकून मात्र देऊ नका. काळी पपडी आणि गंज आधी त्याच कानशीनं काढा. पपडी कठीण असते, नव्या दातांना ती लावायची नाही.

ओरखडे दातांत अडकलेल्या किसामुळे पडतात. वायर ब्रश दातांच्या दिशेनं मारा. निघाला नाही तर पितळेची चपटी पट्टी दातांतून ढकला. स्मूथ कानशीला आधी शाळेतला खडू चोळला तर कीस धरत नाही. तेल लावून घासू नका, कानस घसरते. आणि बिनमुठीची कानस हातात घेऊच नका, शेपूट तळव्यात घुसतं. बाभळीचा तुकडा असेल तर मूठ घरीच होते.

औंढ्याहून

भाऊ, एक कळकळीनं सांगते. लाईट गेली म्हणून कुट्टीत हात घालू नका, ती कधी येईल याचा भरवसा नसतो. आधी फ्यूज काढून खिशात ठेवा, पट्टा उतरवा, पात्यांच्या चाकाला लाकडाची आडकाठी द्या, मगच चावी बसवा. माझ्या दिराची दोन बोटं अशीच गेली.

जिंतूरकर

ताई, फ्यूज आजच काढला. काका, ८ चा बार परभणीत मिळाला. बाकडं खरंच खाली होतं, खाली दोन फळ्या टाकून उचललं. तिसऱ्या प्रयत्नाला गुण्याखालून उजेड जवळपास सारखा दिसला, व्हर्नियरवर ७.०५ च्या आसपास. एवढा आनंद झाला की वडिलांना हाक मारून दाखवलं.

एक अडचण उरली. जुनी चावी हलून हलून शाफ्टच्या खाचेची वरची कड बाहेर आलीय, नवी चावी तिथं अडते. ठोकून बसवू का?

वाळूजचा फिटर

ठोकू नका, चावी वाकडी बसेल. बाहेर आलेली कड ६ इंची स्मूथनं शाफ्टच्या गोलाईबरोबर अलगद उतरवा, खाचेच्या आतल्या भिंतींना दात लागू देऊ नका. चावी अंगठ्यानं दाबून अर्धी गेली आणि बाकीची लाकडी हातोडीच्या दोन टोल्यांत बसली की समजा बरोबर आहे. भिंतीच झिजल्या असतील आणि चावी सैल पडत असेल, तर खाचेचा फोटो इथं टाका. मग वेगळा उपाय बघू.