पेरोव्हस्काइट येतंय म्हणून गच्ची रिकामी ठेवायची का?

अकोलेकर: मेव्हणा म्हणतो सोलर आत्ता लावू नकोस, दोन वर्षं थांब, पेरोव्हस्काइट येतंय, म्हणजे सोलर सेलसाठीचं नवं स्फटिकी मटेरियल. मान्य, २००९ ला जपानात मियासाका या शास्त्रज्ञांनी पहिला सेल केला तेव्हा तो उन्हाची जेमतेम ३.८ टक्के वीज करायचा आणि आता नेहमीच्या सिलिकॉन सेलवर पेरोव्हस्काइटचा थर चढवलेला जोड सेल, म्हणजे टँडम, लॅबमध्ये ३४ च्या वर गेलाय. पण मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवर पॅनलच्या फ्रेमला हात लावून बघ म्हणावं, चटका बसतो. तिथे हे २५ वर्षं टिकणार? मी नाही थांबत.

उन्हाळी_पाहुणा: उलट उन्हासाठी तेच बरं! सिलिकॉन २५ च्या वर दर डिग्रीला ०.३-०.४ टक्के पॉवर सोडतं, पॅनल ६५ ला गेलं की १२-१६ टक्के गेलेच. पेरोव्हस्काइटची घट साधारण निम्मी. विदर्भासाठीच बनलंय 😄

शंकासुर: दोन गोष्टींची खिचडी करताय राव. तापल्यावर पॉवर पडते ती संध्याकाळी परत येते, पण मटेरियलच मोडलं तर काय परत येणार? पेरोव्हस्काइटचा मिथाइलअमोनियम हा घटक असलेला जुना प्रकार ८५ डिग्रीला काही दिवसांत पिवळा पडतो, मागे उरतं लेड आयोडाइड. त्याऐवजी सिझियम-फॉर्मामिडिनियम वापरलेले नवे प्रकार बरेच सुधारलेत हे खरं, तरी आतले आयोडाइडचे आयन (विद्युतभारित कण) उष्णता आणि व्होल्टेजने सरकतातच. आणि पॅनल टिकतं का बघायला घेतात ती ८५ डिग्री, ८५ टक्के आर्द्रतेची १००० तासांची टेस्ट म्हणजे जेमतेम ४२ दिवस झाले, तेही अंधारात!

अकोलेकर: आणि सावलीचं? चार वाजले की टाकीची सावली बरोब्बर कोपऱ्यातल्या दोन सेलवर येते.

शंकासुर: तीच तर खरी गोम. सावलीतल्या सेलमधून बाकीचे सेल जबरदस्तीने करंट ढकलतात, त्याच्यावर उलटं व्होल्टेज येतं. सिलिकॉन दहा-बारा व्होल्ट पचवतं, म्हणून वीसेक सेलना एक बायपास डायोड (करंटला बाजूने वाट देणारा भाग) पुरतो. नुसता पेरोव्हस्काइट दोन-चार व्होल्टलाच मान टाकतो.

उन्हाळी_पाहुणा: नुसता! टँडममध्ये खालचं सिलिकॉनच ते उलटं व्होल्टेज अंगावर घेतं, वरचा थर वाचतो. अर्धंच सांगू नका. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने अमेरिकेतल्या वीज प्रकल्पाला टँडम पॅनल पाठवलेत सुद्धा.

शंकासुर: बरं, टँडमपुरतं हे मान्य. पण प्रकल्पात पाण्याची टाकी नसते आणि देखभालीला माणूस असतो. गच्चीवर कोण बघणार?

अकोलेकर: ठरलं, ३ किलोवॉट सिलिकॉनच. ७८ हजार सबसिडी मिळतेय ती कशाला सोडू. मेव्हण्याला म्हटलं तू थांब, तोवर तुझं बिल तूच भर, तर फोनच ठेवला.